वळवाच्या मागे सासवड-जेजुरी रोडने, इंद्रधनुष्यासाठी

मे संपत आला होता, पुण्यात दुपारी नुसतं उकडत होतं, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि तीनच्या सुमारास आग्नेयेला ढगांचे डोंगर चढायला लागले. मित्राला फोन केला, तो तयारच होता, कॅमेरे गाडीत टाकले आणि हडपसरवरून दिवे घाटाकडे. घाटात ट्रॅफिक असतोच, तो वेळ धरूनच निघा.

वळवाच्या मागे जाणारे बहुतेक जण आभाळातला सगळ्यात मोठा ढग शोधतात. विजांचे फोटो हवे असतील तर ठीक आहे. इंद्रधनुष्य हवं असेल तर मोठा ढग सोडून द्या, कारण त्याचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो आणि पश्चिमेचं ऊनच खाऊन टाकतो, मग समोर कितीही पाऊस पडला तरी उपयोग शून्य. एकटा, मधल्या आकाराचा ढग बघायचा, ज्याच्या पलीकडचं आभाळ दिसतंय असा. गाडी मित्र चालवत होता आणि मी पुढे कमी, साइडच्या आरशात जास्त बघत होतो, पश्चिमेला ऊन टिकलंय का ते. माझं स्पष्ट मत आहे की या छंदात पावसापेक्षा उन्हाचा पाठलाग जास्त करावा लागतो.

हाच रोड का, तर सासवडहून जेजुरीकडे रस्ता साधारण पूर्व-आग्नेयेला जातो आणि मेअखेरीला संध्याकाळचा सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो, म्हणजे जेजुरीकडे तोंड केलं की ऊन जवळपास बरोब्बर पाठीवर. इंद्रधनुष्याचा मध्य सूर्याच्या अगदी विरुद्ध दिशेला, म्हणजे तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते तिकडे असतो, आणि कमान तिथून ४२ अंशांवर. हात लांब करून दोन विती मोजल्या की साधारण तेवढं होतं. आता पाऊस त्या बाजूला पडायला हवा, एवढंच आपल्या हातात नाही.

वेळेचं गणित पण सोपं आहे. सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून कमान दिसतच नाही, ती क्षितिजाखाली जाते. स्वतःची सावली उंचीपेक्षा थोडी लांब झाली की शक्यता सुरू, मेअखेरीला आपल्याकडे हे होतं चारच्या आसपास. पण तेव्हा दिसली तरी अगदी जमिनीलगत. साडेपाचनंतर खरी मजा, कमान उंच होत जाते आणि मावळताना अर्धवर्तुळ. तेव्हा दुपारीच पाऊस पडून गेला म्हणून वैतागून घरी येऊ नका.

सासवडच्या पुढे रसवंतीवर थांबलो (नाव अर्थातच कानिफनाथ). मालक आभाळाकडे बघून म्हणाले, "दादा, गाडी झाडाखाली लावू नका, वारं सुटंल आता." दहा मिनिटांत सुटलंच. आधी धूळ, मग थंड झोत, मग डांबरावर रुपयाएवढे ओले डाग, आणि वास. वळवाचे ढग इकडे बऱ्याचदा पूर्वेकडून सरकत येतात, त्यामुळे पाऊस तुमच्या अंगावर यायच्या आधी इंद्रधनुष्य दिसतं, आणि वेळ फार कमी मिळतो. आधी डावीकडे शेतातून नुसता खुंट उगवला, हिरवा आणि लाल तेवढा दिसत होता, मग पाऊस पुढे सरकला तशी कमान वर चढत गेली आणि बाहेर दुसरी फिकी कमान, तिचे रंग उलटे, लाल आतल्या बाजूला. दोन्हींच्या मधला पट्टा चक्क काळपट आणि आतल्या कमानीच्या पोटातलं आभाळ उजळ. खाली जेजुरीचा डोंगर उन्हात पिवळा, मागे शाईसारखा ढग. सदानंदाचा येळकोट आपोआप तोंडातून निघाला.

आता कॅमेऱ्याचं. अख्खी कमान ८४ अंश रुंद असते, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १८ एमएमची वाइड लेन्स तरी लागते, आणि दुसरी कमान पण हवी तर १४च्या खाली जा. मोबाइलची ०.५ची (अल्ट्रावाइड) लेन्स झकास काम करते. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) पाऊण स्टॉप, म्हणजे थोडं, खाली ठेवा, मोबाइलवर बोट दाबून लॉक करून खाली ओढा, नाहीतर काळा ढग बघून फोन सगळं उजळवतो आणि रंग धुतले जातात. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडतो) लावत असाल तर सावकाश फिरवत बघा, कारण इंद्रधनुष्याचा प्रकाश पोलराइज्ड, म्हणजे बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा असतो, एका बाजूला फिरवलं की रंग उठून येतात आणि दुसऱ्या बाजूला कमान गायबच होते. वाइड लेन्सवर तो अख्ख्या कमानीला सारखा लागत नाही, मी तर काढूनच ठेवतो. लेन्स पुसायचं मायक्रोफायबरचं फडकं दोन मिनिटांत ओलं होतं, जुन्या धोतराचे तुकडे न्या, भरपूर. कॅमेऱ्यावर दुधाची पिशवी धुऊन, कापून घातली तर भारी रेनकोट होतो. मोबाइलचा व्हिडिओ डॅशबोर्डवर चालू ठेवा, वीज आणि कमान एकत्र हवी असेल तर तोच एक शहाणपणाचा मार्ग.

कारण विजेच्या बाबतीत अजिबात हिरोगिरी नको. लखलखाट आणि गडगडाट यात तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की ट्रायपॉड आवरा आणि काचा बंद करून गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. बाइकवर हा उद्योग करूच नका, आणि माळावर एकट्या लिंबाखाली तर नाहीच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून ठेवा, २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना येते. आमच्याकडे आवाज जवळ आला तेव्हा कमान पूर्ण होती, तरी आत बसलो आणि फोटो काचेतूनच काढले. सातच्या आसपास सूर्य टेकताना कमानीतले निळे-हिरवे गेले आणि नुसती तांबडी उरली, ती काचेतून पण छान आली.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात जाणार असाल तर हा रोड तेवढा जुळत नाही, कमान डावीकडे सरकते, पूर्वेच्या थोडी उत्तरेला, आणि सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, तेव्हा तीनलाच ठिकाणावर हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा सकाळी सातच्या सुमारास दिवे घाटाच्या माथ्यावर थांबून पश्चिमेकडे तोंड करायचं.