कॅचमध्ये अडकणारे रिडायरेक्ट

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या भक्तनिवासाची, एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वेबपाने बनवण्याच्या तंत्रावर चालणारी जुनी आरक्षण प्रणाली सध्या माझ्याकडे देखभालीसाठी आहे. तिच्यात खोली आरक्षित होत असे, भाविकाला पावतीचे पानही दिसत असे, आणि तरीही डेटाबेसमध्ये त्याच आरक्षणापुढे ‘अयशस्वी’ अशी नोंद पडत असे. लॉगमध्ये प्रत्येक वेळी ‘थ्रेड वॉज बीइंग अबॉर्टेड’ हाच संदेश होता.

अशा वेळी सर्व्हरचा संशय येतो, परंतु कारण कोडच्या रचनेत असते. ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्या रिस्पॉन्स डॉट रिडायरेक्टला केवळ पत्ता दिला, तर ते ३०२ हे (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असे सांगणारे) उत्तर तयार करते आणि चालू थ्रेड, म्हणजे ती विनंती हाताळणारा कामाचा धागा, तिथेच थांबवते. हे थांबवणे थ्रेडअबॉर्टएक्सेप्शन या एक्सेप्शनच्या, म्हणजे काम मध्येच तोडणाऱ्या त्रुटी-संकेताच्या, रूपाने घडते. त्रुटी येऊ शकणारे कोड ज्यात ठेवतात त्या ट्रायच्या आत रिडायरेक्ट असेल, तर खालचा सगळ्या त्रुटी पकडणारा कॅच हे एक्सेप्शनही पकडतो आणि अपयशाची नोंद करून मोकळा होतो. मात्र कॅच संपताच हे एक्सेप्शन आपोआप पुन्हा फेकले जात असल्याने पान बदलते, आणि भाविकाला पावती व कार्यालयाला अपयश दिसते.

या एक्सेप्शनसाठी वेगळा रिकामा कॅच लिहिण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो मला मान्य नाही, कारण विनंतीची कालमर्यादा (मूळ मांडणीत ११० सेकंद) संपल्यावरही थ्रेड याच मार्गाने थांबवला जातो आणि खरी अडचण त्या रिकाम्या कॅचमध्ये दडून राहते. डेटाबेसचे काम तेवढे ट्रायमध्ये ठेवावे, यशाची खूण एका चलात नोंदवावी आणि रिडायरेक्ट ट्रायबाहेर करावे. रिडायरेक्टला ‘थ्रेड थांबवू नको’ असे सांगणारे दुसरे मूल्य ‘फॉल्स’ देऊन पुढे, विनंती पूर्ण झाल्याचे कळवणारे कम्प्लीटरिक्वेस्ट वापरले, तर एक्सेप्शन मुळातच उद्भवत नाही.

येथे मात्र फार जपावे लागते. ‘फॉल्स’ दिल्यावर पुढचे कोड चालूच राहते, म्हणून लगेच रिटर्न हवे. आणि तेवढ्यानेही पान तयार होण्याचे उरलेले टप्पे थांबत नाहीत. लॉगिन नसलेल्याला परत पाठवणाऱ्या पानावर ही गोष्ट दुर्लक्षित राहिली, तर ब्राउझर पुढे निघून गेला तरी भाविकांची यादी त्या ३०२ उत्तरासोबत बाहेर गेलेली असू शकते, आणि रिडायरेक्ट न पाळणाऱ्या साधनाने ती वाचता येते. अशा पानांवर माहिती भरण्यापूर्वी परवानगी पुन्हा तपासावी.

नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्टवरील वेब-चौकटीतील रिडायरेक्टही एरर फेकूनच काम करते. तेही ट्रायबाहेरच ठेवावे.