साठ कबर

विजापूरहून आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. गोलघुमट नव्हे. तो बघितला, पोरांनी वरच्या सज्जात एवढ्या हाका मारल्या की एकेक हाक सातसातदा परत आली आणि माझं डोकं उठलं. खाली मुहम्मद आदिलशहा, त्याच्या बेगमा, रंभा नावाची नर्तकीसुद्धा त्याच घुमटाखाली. बाहेर पार्किंगवरून भांडणं, कणसंवाला, टांगेवाले. राजधानी म्हणावी अशी ऐट अजून आहे गावाला.

मी मात्र अख्ख्या ट्रिपमध्ये एकच मागितलं होतं, साठ कबर. "तिथं काय बघायचंय? कबरीच की!" असं म्हणत नेलं. उतरले मी एकटीच, बाकीचे एसी लावून गाडीत.

गावाबाहेर दगडी जोत्यावर ओळीनं कबरी. सगळ्या एका मापाच्या, वरून सपाट. बाईची कबर अशी असते. मधे गवत माजलेलं, एका कबरीवर शेळीच्या लेंड्या वाळत पडलेल्या. शिवाजी महाराजांवर चालून निघताना अफजलखानाला ज्योतिषानं सांगितलं की तू परत येत नाहीस, म्हणून त्यानं आधी आपल्या बायका विहिरीत ढकलल्या, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. कबरी आहेत.

लहानपणी शहापुरात दिवाळीच्या किल्ल्यावर मी खान किती वेळा मारलाय! दरबारात विडा उचलला की थेट प्रतापगडाचा शामियाना, १० नोव्हेंबर १६५९. मधे या बायका कधी आल्याच नाहीत. कुणाच्या किल्ल्यावर नाही, कुठल्या पोवाड्यात ऐकल्या नाहीत.

त्यांना कुणी विचारलं असेल काय? निदान एकीला तरी? तिथं उभी राहून हेच मनात येत होतं, आणि मागून हॉर्न. मग मला माझंच वाईट वाटायला लागलं. पहाटे उठून सगळ्यांच्या दशम्या, शेंगाचटणी मी बांधायची. पुढची सीट कुणाची, जेवायचं कुठं, हे ठरवायचं बाकीच्यांनी. मला कोण विचारतंय? सुमीचं ठरलं तेव्हासुद्धा... जाऊ दे, तो विषय इथं नको.

परत हॉर्न. आणि मला एकदम हसू फुटलं. त्या बिचाऱ्या विहिरीत, आणि मी पुढच्या सीटसाठी त्यांच्या ओळीत जाऊन बसायला निघालेली! त्यांनीच हाकलून दिलं असतं मला.

जमखंडीत चहाला थांबलो तेव्हा यांनी चक्क विचारलं, "काय खातीस?" मिरचीभजी म्हणाले. आली कांदाभजी. खाल्ली, बरी होती. तरी मनात तेच, विचारलं असेल काय कुणी?

पुढच्या महिन्यात बदामी म्हणे. तारीख ठरली, गाडी ठरली. दशम्या किती लागतील, तेवढं मला विचारलंय.