अशोकाची साल आणि तपकिरी गोळा

आज टेबलावर दिवसभर औषधी सालच साल, भेसळ ओळखायची. खरा अशोक की रस्त्याकडेचा उंच सरळसोट आसूपालव? पानांवरून पोरगंही सांगेल, पण वाळली-कुटली की दोन्ही तपकिरीच. ताज्या खऱ्या सालीचा काप हवेत लालसर होतो. भुकटीत ही खूणही जाते, म्हणून झाड डीएनएवरून ओळखायचं.

डीएनए काढताना खरा त्रास टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यांचा. १०० मिलिग्रॅम भुकटी, पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या सीटीएबी द्रावणात २ टक्के पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारं रसायन), ६५ अंशांवर तासभर. पीव्हीपी विसरलात तर तळाशी चहाच्या रंगाचा गोळा बसतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया, ढिम्म हलत नाही. मग तोच डीएनए दहापट पातळ करून बघायचा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

दुसरी गोम आपल्या खानापूरकडच्या पावसाची. साल दमट राहिली की बुरशी धरते आणि आयटीएस या ओळख पटवणाऱ्या डीएनए-तुकड्याचे सर्वसाधारण प्रायमर (प्रती सुरू करून देणारे छोटे तुकडे) बुरशीचाच डीएनए वाढवून देतात! म्हणून वरचा थर खरवडा, ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, जोडीला मॅट-के हा जनुकही तपासा. तो हरितलवकातला, बुरशीत नसतोच.

भेसळ मिसळलेली असेल तर सँगर सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचताना, आलेखातली शिखरं एकमेकांवर चढतात, वाचता येत नाहीत. आणि डीएनए फक्त झाड सांगतो; साल की पान, ते नाही. त्यासाठी भिंग, आणि कस बघायला टीएलसी, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी. व्हॅनिलिन-आम्ल फवारलं की सालीतल्या कॅटेचिन या घटकाचा ठिपका लाल उठतो. पण कॅटेचिन खैरातही असतं, तेव्हा नुसत्या ठिपक्यावर शिक्का मारू नका.

काढा-अर्कात डीएनए जवळपास उरत नाही, तिथे एचपीएलसीच, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं तंत्र.