नवतपा आणि आडवी बाटली

वाईन नीट ठेवायची तर 12-13 अंश तापमान, 60-70 टक्के ओलावा, अंधार आणि शांतता हवी, असं जाणकार सांगतात. नागपुरात मे महिन्यात, त्यातही नवतपात म्हणजे मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ तापत्या दिवसांत, यातली शांतता तेवढी फुकट मिळते. दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. बाकीच्या तीन गोष्टींसाठी घरात वशिला लागतो.

भेट आलेल्या बाटलीचं आपल्याकडे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये, मुलांच्या ढाली आणि तिरुपतीच्या फोटोच्या अधेमधे ती उभी राहते. वर पिवळा दिवा, समोर पश्चिमेची खिडकी. पाहुण्यांना दिसावी म्हणून ठेवलेली असते आणि दिसत राहते, चार-चार वर्षं. उजेडानं वाईनची चव बिघडते, म्हणून तर बहुतेक बाटल्या हिरव्या नाहीतर तपकिरी काचेच्या असतात. रोझेची, म्हणजे गुलाबी वाईनची, बाटली मात्र रंग दिसावा म्हणून पांढऱ्या काचेची करतात, म्हणजे जिला सावली सगळ्यात जास्त हवी तीच उघडी. शोकेसमधून वाचली तर ती फ्रिजच्या डोक्यावर जाते. तिथे कॉम्प्रेसरची धग आणि थरथर, दोन्ही.

आमचं घर धरमपेठेतलं, जुनं, दोन मजली. वरच्या मजल्याचा स्लॅब असा तापतो की रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तरी चटका जाणवतो. एका दुपारी मी थर्मामीटर घेऊन घरभर फिरले. हॉलमध्ये कूलर सुरू असूनही 33. स्वयंपाकघराचं न विचारलेलं बरं. शेवटी जिन्याखालच्या कोठीच्या खोलीत पारा 29 वर थांबला. खिडकी नाही, शहाबादी फरशी, उत्तरेची दीड हात जाडीची भिंत. घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी जागा. तिथे लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे आणि सासूबाईंचं राज्य.

मी खालच्या फळीवर एक बाटली आडवी ठेवली, तर संध्याकाळी विचारणा झालीच.

"अगं, आडवी काहून ठेवली? सांडन ना."

"आई, तिचं बूच ओलं राहायला पाहिजे. सुकलं की आकसतं आणि हवा आत जाते."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

लोणच्यावर तेलाचा थर का हवा, दादरा का बांधायचा, बरणी सारखी का हलवायची नाही, हे ज्या बाईला पन्नास वर्षं माहीत आहे, तिला हवेचं वैर वेगळं समजवावं लागत नाही. फरक एवढाच, की लोणचं मुरतं आणि वर्षभर पुरतं. वाईनची बाटली एकदा उघडली की बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांची सोबत. पुढे तिची वाटचाल व्हिनेगरकडे. (फिरवायच्या झाकणाच्या बाटल्यांना आडवं निजवायची गरज नसते. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना आता तेच झाकण असतं, पण हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. आडवी बाटली फळीवर जागा कमी खाते.)

29 अंश म्हणजे काही 13 नव्हेत, हे कबूल. पण वाईनला नुसत्या गरमीपेक्षा चढउताराचा त्रास जास्त. तापली की ती फुगते आणि बुचाला बाहेर रेटते. गार झाली की आकसते आणि हवा आत ओढते. दिवसा एसी, रात्री बंद, मधेच लाईन गेली, असं रोज झालं तर बाटलीची मान चिकट होते. त्यापेक्षा संथ असलेला कोपरा परवडला. सतत तापलेल्या वाईनमधला ताज्या फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या जॅमसारखी चव येते. एकदा प्यालात की विसरत नाही.

कूलरबद्दल मात्र दोन शब्द चांगले बोलायलाच हवेत. मेच्या दुपारी आपली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, मग बुचाचं काय घेऊन बसलात! वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला झोत बुचाला मानवतो. फ्रिजचं उलटं आहे. तिथे चार-पाच अंशांची थंडी असते, पण हवा कोरडी. महिना-दोन महिने चालतं. वर्षभर ठेवलं तर बूच वाळतं, शिवाय शेजारी लसणाची चटणी असतेच.

मग वाईनसाठी म्हणून मिळणारं छोटं कपाट घ्यावं का? घ्या, पण कॉम्प्रेसरवालं घ्या. आवाज न करणारी, स्वस्त आणि देखणी जी असतात, ती बहुधा कॉम्प्रेसरशिवाय चालतात आणि बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच खाली जाऊ शकतात. वरच्या मजल्यावरची 42 अंशांची खोली धरून वजाबाकी करून बघा. हे यंत्र आपल्यासाठी बनलेलंच नाही. 2013 च्या मे महिन्यात या शहरात पारा 47.9 वर गेला होता. 2024 मध्ये तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला आहे. बाहेरगावचे लोक हसले. आम्हाला तो आकडा फारसा खोटा वाटला नव्हता.

असाच दुसरा परदेशी सल्ला म्हणजे रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. कुणाच्या खोलीच्या? तो सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांतला, जिथे खोली 16 ते 18 अंशांची असायची. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री तो जसाच्या तसा पाळता येतो. एप्रिलमध्ये रेडही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी, कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्यावं.

माझं मत विचाराल तर नागपुरात वाईन साठवण्याच्या भानगडीत फार पडूच नये. वर्षानुवर्षं ठेवल्यानं प्रत्येक वाईन सुधारते हा निव्वळ गैरसमज आहे. बाजारातल्या बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या म्हणूनच केलेल्या असतात. नाशिकच्या शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईन तर नक्कीच. तिकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, गार ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत रस आंबवतात आणि इतकी निगुतीनं वाढवलेली लेक आपण थेट नवतपात आणून उभी करतो. त्यापेक्षा दिवाळीनंतर घ्यावी आणि कूलरमध्ये नव्या ताट्या बसायच्या आत, म्हणजे होळीपर्यंत, संपवावी. घेतानाही दुकानात बाटली कुठे ठेवली होती ते बघावं. दर्शनी काचेत उन्हात उभी असेल तर आतली मागावी. आणि गाडीच्या डिकीत ठेवून वर बर्डीवर खरेदीला जाऊ नये.

यंदा होळी होऊन गेली तरी तीन बाटल्या उरल्या होत्या. कोठीत त्यांनी नवतपा काढला, पण मृग लागला, कैऱ्या आल्या, आणि सासूबाईंनी खालची फळी रिकामी मागितली. एक आम्ही त्याच आठवड्यात उघडली. दोन नणंदेबरोबर बंगलोरला पाठवल्या. पोचल्यावर तिचा फोन आला, तो सासूबाईंनीच घेतला, आणि पहिलं वाक्य कानावर पडलं ते असं: "आडवी ठेवशील बरं का, आणि उन्हात नको."