पाचवा भाग काढून टाकला

आज जागा करायची म्हणून फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतींचा व्हिडिओ गेम काढून टाकला. शंभर जीबीच्या वर जागा अडवून बसला होता. 'नक्की काढायचा?' असं स्क्रीनवर आलं तेव्हा वाटलं होतं, अंगठा जरा अडेल. अडला नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही, याचंच वाईट वाटतंय.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो तो हाच गेम. सुरुवातीलाच विमानाच्या पोटातून गाडी थेट ज्वालामुखीच्या उतारावर पडते, आणि खाली अख्खा मेक्सिको पसरलेला. ग्वानाह्वातो शहराच्या बोगद्यांत तर मी रात्र रात्र काढली. हेडफोन लावायचा आणि बोगद्यात शिरताना उगाच गिअर खाली टाकायचा. इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून अंगावर यायचा. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसता तो आवाज ऐकायला.

मग हे सुटलं कधी? अमुक दिवशी असं बोट ठेवता येत नाही. भांडण झालं असतं तर निदान तारीख तरी लक्षात राहिली असती.

गुरुवारांनी काहीतरी केलं असावं. दर गुरुवारी गेममधला ऋतू बदलतो आणि कामांची नवी यादी येते: या उडीवर इतके मीटर, त्या स्पीड कॅमेऱ्यापुढून इतका वेग, तमक्या गाडीचा फोटो. गुण जमले की एरवी सहज न मिळणारी गाडी मिळते. मी ती मिळवायचो, ती गॅरेजमध्ये जायची, आणि पुढच्या गुरुवारी दुसरी. हळूहळू खेळायला बसण्याऐवजी मी कामं उरकायला बसू लागलो. शिवाय व्हीलस्पिन, म्हणजे बक्षिसांचं चक्र, फिरवलं की गाड्या पदरात पडतच राहतात. चौथ्या भागातही हे होतं, नाही असं नाही. पण तिथे सुबारू इम्प्रेझा २२बी मी इतकी चालवली होती की खडीवर तिचा मागचा भाग नेमका कधी सुटणार हे हाताला आधी कळायचं. पाचव्यातही २२बी होती माझ्याकडे. तिचं मला काहीच आठवत नाही. गाडी तीच, हातही तेच.

आणि पक्या. गेममध्ये समोर धावणाऱ्या गाड्यांवर आपल्या मित्रांची नावं असतात. त्यांना ड्रायव्हाटार म्हणतात, चालवणारा संगणकच असतो. पक्यानं खेळणं केव्हाच सोडलं, पण त्याचं नाव मला अजून वळणावर आतून कापून पुढे जायचं. एकदा मी त्याला ओलांडलं आणि सवयीनं हेडसेटमध्ये काहीतरी बोललो. असो.

गेम काढल्यावर राहवेना, म्हणून संध्याकाळी चौथा भाग लावला. २०१८चा, ब्रिटनमधला. गाड्यांचे परवाने संपले म्हणून १५ डिसेंबर २०२४ ला तो विक्रीतून काढला, पण ज्यांच्याकडे आहे त्यांना अजून खेळता येतो. नेमका हिवाळा चालू होता. ब्रिटन सगळा पांढरा, तळं गोठलेलं, आणि त्या बर्फावरून २२बी आडवी नेता येत होती. अर्धा तास मी अगदी तेव्हासारखा रमलो. मग रमणं ओसरलं. रागानं नाही, पोट भरल्यासारखं. कंट्रोलर बाजूला ठेवला.

दिवसभर मी पाचव्याला दोष देत होतो आणि मनात स्वतःची कीवही करत होतो, की बघा, आता याला कशातच गोडी राहिली नाही. पण चौथ्याचंही तेच झालं, तेव्हा जरा हलकं वाटलं. मेक्सिकोनं माझं काही हिरावलं नव्हतं. मला जे हवं होतं ते मी तिथून घेतलं होतं, त्या बोगद्यांतच, पहिल्या काही महिन्यांत. त्यानंतर मी राहिलो तो गुरुवारांसाठी, आणि थोडासा त्या नावासाठी. वाईट का वाटलं नाही, तेही मग कळलं. निरोप हळूहळू आधीच घेऊन झाला होता.

तरी एक खुपतंच. गोलायथ, सगळ्या नकाशाला वळसा घालणारी ती लांबलचक शर्यत, शेवटची कधी धावलो तेही आठवत नाही. शेवटची आहे हे ठाऊक असतं तर यादीसाठी धावलो नसतो.

सहावा भाग जपानचा आहे. तिथले डोंगरातले अरुंद रस्ते डोळ्यांपुढे आले की अजूनही आत काहीतरी हलतं, खोटं कशाला बोलू. घेईन की नाही ते तेव्हा बघू. घेतलाच तर गाडी एकच ठेवायची, रस्त्यावरची ती ब्रेक दाखवणारी लाल रेषा बंद करायची, आणि वळणं हाताला पाठ होईपर्यंत गुरुवारची यादी उघडायची नाही. पक्याला विचारून बघतो.