शिळं पाणी

शाळा सुटायची घंटा झाली की माझी चौथीतली मुलं आधी बेसिनकडे पळायची, बाटल्या उपड्या करायला. दप्तराचं ओझं कमी होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे, "बाई, आई म्हणते शिळं पाणी घरी आणू नकोस."

मागच्या जूनमधल्या एका गुरुवारी पाणी बंद होतं. टाकीच्या तळाशी होतं तेवढ्यावर मावशी दिवस रेटत होत्या, आणि सुटताना बाटल्या मात्र नेहमीसारख्याच ओतल्या गेल्या. मला ते बघवेना. शुक्रवारी मी बेसिनशेजारी बादली ठेवली. 43 मुलं होती. लिटरच्या मापाने मोजलं तर 12 लिटर भरलं, वर पोळीचा एक तुकडा तरंगत होता. शाळेत वर्ग 11. गुणाकार मुलांनीच फळ्यावर केला: 132 लिटर, एका दिवसात. आकडा बघून वर्ग गप्प झाला.

मग मुलं स्वतःच शोधायला लागली. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनची बारकी नळी थेट गटारात सोडलेली होती, ती त्यांनीच दाखवली. ते पाणी खारट असतं, रोज घातलं तर माती बिघडते. म्हणून ते आता पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. बाटल्यांचं पाणी कढीपत्ता, अडुळसा, जास्वंदीला जातं.

तुळशीला मात्र नाही. "उष्टं पाणी तुळशीला नको हं बाई," मावशी म्हणाल्या. त्यांचं मला पटलं. तिच्यासाठी त्या तांब्याभर वेगळं घालतात.

'शिळं' हा शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आमची शाळा पुण्यात, पेठेत आहे. फडके हौद मुलांना फक्त चौक म्हणून माहीत. म्हणून एकदा नानासाहेब पेशव्यांच्या वेळची गोष्ट सांगितली: कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांतून पाणी पेठांतल्या हौदांपर्यंत यायचं, आणि लोक तिथून भरायचे. एकीने लगेच विचारलं, "मग ते शिळं नसायचं?"

मी म्हटलं, आपण मे महिन्यात पितो ते पाणी कधीचं असतं? पानशेत, वरसगावच्या धरणांत मागच्या पावसाळ्यात साठलेलं. खडकवासल्यातून आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा ते नऊ-दहा महिन्यांचं झालेलं असतं. झाकून ठेवलेलं कालचं पाणी टाकून ताजं म्हणून आपण तेच भरून घेतो.

पालकसभेत हेच सांगितलं. दोघीतिघींनी मान हलवली, बाकीच्यांना पटलं नसावं. घरातली सवय एका सभेत जात नाही, मी पुन्हा सांगेन.

बादलीत आता रोज सात-आठ लिटरच जमतं. परवा एक मुलगा रिकामी बाटली घेऊन बादलीपाशी आला आणि अगदी ओशाळून म्हणाला, "बाई, आज झाडांना काहीच नाही. मी सगळं प्यायलो."