पहाटे साडेतीनला उठणारी गुणाची बाई

आमच्याकडे बाई म्हणाली की मला रात्री झोप लागत नाही, तर चार जण चार औषधं सांगतात. पण तीच बाई म्हणाली की पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग काही केल्या डोळा लागत नाही, तर कौतुक होतं. वा, ब्रह्ममुहूर्त! लवकर निजे लवकर उठे लगेच ऐकवलं जातं. वन्सं तर म्हणाल्या, बरंय की तुझं, जप करत जा, आम्हाला अलार्म लावून पण जाग येत नाही. आता यांना काय सांगायचं, की अहो मला उठायचं नसतंय, मला झोपायचं असतंय.

मी ४९ ची, सांगलीत विश्रामबागला राहते, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी वीस दिवसांनी अशी यायला लागली तेव्हापासून हे झोपेचं मागे लागलंय. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज झाला असं धरतात, आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आसपास होतो तो, मी अजून त्याच्या अलीकडेच घुटमळतीय, आणि बऱ्याच जणींचा त्रास याच घुटमळण्याच्या काळात सुरू होतो. मला दिवसा फारसं गरम-बिरम होत नाही, त्यामुळे आधी कुणाला पटेचना की हे पाळीचं आहे. पहाटे मात्र मानेपासून घाम फुटतो, छाती धडधडते, उशी ओली, आणि पाच मिनिटांनी त्याच घामानं थंडी वाजते. मग डोक्यात सगळं जग. पुण्यातल्या लेकीचा पीजी, घराचा हप्ता, शाळेत असताना कोण काय बोललेलं ते सुद्धा.

आणि एकदा का घरात कळलं की ही जागी असते, की कामं आपोआप त्या वेळेकडे सरकायला लागतात. कुणी मुद्दाम नाही करत बरं का. जागीच आहेस तर पाणी आलंय का बघ, जागीच आहेस तर ह्यांना लवकर निघायचंय तेवढा डबा, जागीच आहेस तर चार भाकरी थापून ठेव म्हणजे मग गडबड नको. बघता बघता चार वाजता गॅस पेटलेला, ट्यूबलाइट लागलेली, आणि दुपारी तीनला काउंटरवर मी जांभया देत नोटा मोजतीय. मशीन आहे म्हणून बरं, नाहीतर रोज संध्याकाळी हिशोब जुळवत बसावं लागलं असतं.

आधी ज्यांना दाखवलं त्यांनी वय झालं, होतंच असं, म्हणून एक झोपेची गोळी लिहून दिली. दोन मिनिटांत बाहेर. नंतर मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाई डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बसवून घेतलं, किती वाजता पडता, किती वाजता जाग येते, चहा किती, घोरता का, सगळं विचारलं. सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, कर्नाटकातून लोक येतात इथं, पण बाईच्या झोपेबद्दल एवढं विचारणारं कुणीतरी भेटणं हे नशिबाचं काम आहे.

त्यांनी समजावलं ते असं. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते, उत्तररात्री ती पातळ होत जाते, स्वप्नं वाढतात. पहाटेकडे शरीर उठायच्या तयारीला लागतं, जागं करणारं कॉर्टिसोल चढायला लागतं, झोपेचं मेलाटोनिन उतरायला लागतं. त्यामुळे त्या वेळेला जराशा कारणानं जाग येते, तरुणपणी पण येत असते, फक्त आपण कूस बदलून परत झोपतो आणि सकाळी आठवत पण नाही. आता पाळी जाताना प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन कमी होतं, आणि त्याला स्वतःचाच एक गुंगी आणणारा गुण असतो, तो गेला. इस्ट्रोजेन खालीवर व्हायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो, अंग थोडंसं तापलं तरी त्याला वाटतं आग लागलीय, सोडा घाम. म्हणजे मन खंबीर ठेवा, विचार करू नका, हे सांगणाऱ्यांनी जरा थांबा. विचारांनी जाग येत नाही, जाग येते म्हणून विचार येतात. निदान माझं तरी तसंच आहे.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी-१२, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. थायरॉइड वाढलेलं असलं तरी घाम, धडधड आणि झोपमोड असंच सगळं होतं, म्हणून ते बघायचंच. लोह कमी असलं की रात्री पायांत वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. पाळी अंगावर जास्त जाणाऱ्या बायकांचं लोह कमी असणार हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे, पण तपासतं कोण. माझ्या जाऊबाईंचं वेगळंच निघालं, त्या घोरायच्या आणि रात्रीतून सारखी जाग यायची, त्यांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला, झोपेत श्वास अडकायचा. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढतं. पण बाई घोरते हे आपल्यात चारचौघांत बोलायचं नसतं ना, मग ते कळणार कसं. आता त्या मास्क लावून झोपतात आणि नातू त्यांना पायलट आजी म्हणतो.

आता खरा उपयोग कशाचा झाला ते सांगते, आणि ते इतकं साधं गणित आहे की मला रागच आला आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून. मी दमलेली असायची त्यामुळे साडेनऊला आडवी. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या शरीराला सध्या सहा तास झोप जमतीय असं धरा. साडेनऊला पडलात तर साडेतीनला डोळे उघडणारच की. लवकर पडून झोप वाढत नाही, फक्त अंथरुणातला वेळ वाढतो. त्यामुळे झोपायचं अकराला आणि उठायचं रोज साडेपाचला, रविवार असो नाहीतर दिवाळी असो, रात्र कशीही गेलेली असो. झोप गोळा झाली की मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ अलीकडे घ्यायची. निद्रानाशावर जी सीबीटी-आय नावाची उपचारपद्धत आहे त्यातलाच हा भाग, जगभर झोप न येण्यावर पहिला उपाय म्हणून हीच सांगतात, गोळ्यांच्या आधी. पण फिट्स येणारी किंवा बायपोलर असलेली बाई असेल, किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तर स्वतःच्या मनानं झोप कमी करायला जाऊ नका, डॉक्टरला विचारूनच.

अकरापर्यंत जागायचं म्हणजे काय हाल असतात ते मला विचारा. साडेआठला मालिका लागली की सोफ्यावर मान पडायची. ती डुलकी सगळ्यात वाईट, रात्रीच्या झोपेतली साय तीच खाऊन जाते. मग मी मालिका उभ्यानं बघायला लागले, इस्त्री करत, भाजी निवडत. सकाळचं फिरणं बंद करून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उजेडात फिरायला लागले, कधी हरिपूरला संगमेश्वराच्या देवळापर्यंत, कृष्णा-वारणेच्या संगमावर जरा टेकायचं आणि परत. याला पण कारण आहे, संध्याकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ थोडं मागे सरकतं, आणि पहाटे चारला लख्ख ट्यूबलाइट लावली की ते आणखी पुढे पळतं. म्हणजे ब्रह्ममुहूर्तावर दिवे लावून पोळ्या लाटणारी बाई स्वतःच्या घड्याळाला रोज सांगत असते की उद्या पण हीच वेळ हं.

म्हणून घरात नियम केलाय. साडेपाचच्या आत मी ओट्याजवळ जाणार नाही. जाग आली, वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली आणि झोप येत नाही असं दिसलं तर उठून बाहेरच्या खोलीत, बारका पिवळा दिवा, जुने दिवाळी अंक चाळायचे, मोबाइल नाही. डोळे जड झाले की परत अंथरुणात. घड्याळ भिंतीवरून काढून टाकलंय, कारण तीन चाळीस वाजलेत हे कळून कुणाचं भलं होत नाही. आई फुगल्या होत्या पहिल्यांदा, जागी असून नुसतं बसायचं म्हणजे काय. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, अगं माझी पाळी जाताना मला पण दोन-अडीचला जाग यायची, मी विहिरीवरनं पाणी ओढायला जायची, सासूबाई म्हणायच्या सून कामाची आहे. यावर मी काय बोलणार.

बाकी बारीकसारीक. पाच वाजताचा आणि सातचा चहा बंद केला, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात, म्हणजे सातचा चहा मध्यरात्री पण रक्तात असतो. सांगलीत चहा नको म्हणणं म्हणजे भांडण काढल्यासारखं वाटतं, पण सवय झाली लोकांना. रात्री तिखटजाळ रस्सा खाल्ला की मला हमखास घाम येतो, सगळ्यांनाच येतो असं नाही. पांघरुणाला ब्लँकेट बाद, आईंच्या जुन्या सुती लुगड्यांची वाकळ घेते, घाम टिपते आणि चटकन बाजूला सारता येते. फॅनवरून भांडणं व्हायची, मला पाचवर पाहिजे आणि ह्यांना मार्चमध्ये पण थंडी वाजते, शेवटी दोन वेगळी पांघरुणं आणि टेबलफॅन माझ्या अंगाला. नवरा-बायकोनं एका पांघरुणात झोपायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय. हळदीचं दूध मी पिते, सांगलीत राहून हळदीला नावं कशी ठेवायची, पण त्यानं झोप लागते असं काही मला दिसलं नाही, लघवीला मात्र उठावं लागतं.

झोपेच्या गोळीचं. अल्प्राझोलाम आणि तसल्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणणाऱ्या निदान तीन जणी मला माहीत आहेत. सवय लागते त्याची, मग त्याशिवाय झोपच येत नाही, आणि वय वाढलं की रात्री उठताना तोल जाऊन पडायची भीती. दुसरं, जर पहाटेच्या जागेबरोबर सकाळी काही करूच नये असं वाटत असेल, रडू येत असेल, कशात मन लागत नसेल आणि दोन आठवडे झाले तरी तसंच असेल, तर ते फक्त पाळीवर ढकलू नका. पहाटे लवकर जाग येणं हे डिप्रेशनचं पण लक्षण आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो.

आणि कुणी म्हणालं की एवढा त्रास आहे तर पिशवी काढून टाक, तर तिथून उठून या. ऊस तोडायला बीडकडनं टोळ्या येतात आपल्याकडे, कोपीत राहतात, त्यातल्या कितीतरी तरुण बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ ला बाहेर आलं, सरकारनं समिती पण नेमली. पिशवीबरोबर अंडाशय पण काढलं की पाळी हळूहळू जात नाही, एका रात्रीत जाते, आणि घाम, झोप, हाडं सगळं एकदम अंगावर येतं. त्या बायका तशाही पहाटे चारला उठून फडात जातात. त्यांना झोप लागते का हे कोण विचारणार.

राहिलं हार्मोनच्या उपचाराचं, म्हणजे कमी झालेलं इस्ट्रोजेन बाहेरून द्यायचं ते. नुसतं नाव काढलं तरी आमच्या ऑफिसात सगळ्या म्हणाल्या कॅन्सर होतो. ही भीती २००२ च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासापासूनची, त्यात ब्रेस्ट कॅन्सर थोडा वाढलेला दिसला म्हणून एक भाग मध्येच थांबवला होता. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. नंतर तेच आकडे परत तपासले आणि आता सांगतात की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, आणि घामाचा-झोपेचा त्रास खरंच जास्त असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गाठी झालेल्या असतील, लिव्हरचा आजार असेल किंवा मधेच कारण न कळता रक्त जात असेल तर नाही चालत. गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, बरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच.

मी अजून सुरू केलेलं नाही. आता बऱ्याच वेळा पाचपर्यंत झोप होते, पण घामाच्या रात्री आल्या की सलग येतात आणि मग सगळं गणित कोलमडतं. बीपी जरा वर निघालं होतं ते आधी जागेवर आणायचं, मॅमोग्राफी करून घ्यायची, आणि मग दिवाळीनंतर बसून ठरवू असं डॉक्टर म्हणाल्यात. ह्यांना पण बरोबर घेऊन या म्हणाल्यात. हे म्हणतात माझं काय काम तिथं, तर मी म्हटलं फॅनचं तेवढं तुम्हीच सांगा त्यांना.